काचेच्या नळीतलं औषध

रमजानात आमच्या लॅबचं वेळापत्रक बदलायचं. कामाचे तास कमी, म्हणून जंतूवर कुठलं औषध चालतं ते तपासायची पातळ द्रावणं सकाळीच प्लास्टिकच्या ट्रेत करून ठेवायची आणि त्यात जंतू घालायचे ते इफ्तारनंतरच्या पाळीने. कुवेतमध्ये येऊन मी हेच शिकले होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नवीन शतक नुकतं लागलं होतं. अशाच एका रमजानात आमच्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत माझा नवरा येऊन पडला. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून घरी येताना गाडी उलटली, व्हेंटिलेटर लावावा लागला आणि छातीत असा एक जंतू शिरला की तो कुठल्याच अँटिबायोटिकला दाद देईना. उरलं होतं एकच जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून कधीचं मागे पडलेलं. ते म्हणजे एक पेप्टाइड, प्रथिनासारखीच छोटी साखळी. थेट जंतूचं आवरणच फोडतं.

नमुना माझ्याच माणसाचा, म्हणून मला हात लावू दिला नाही. सहकाऱ्याने टेस्ट लावली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या ट्रेमधले सगळे खळगे गढूळ! म्हणजे जंतू जिवंत आणि औषध निकामी. आता डॉक्टर ते सुरूच करणार नव्हते. मी आमच्या प्रमुख बाईंवर तुटून पडले. बाई इजिप्तच्या, वयाने मोठ्या, रोजे ठेवणाऱ्या. "पुन्हा करा! तुमचा नवरा असता तर केली नसती?" असं काहीबाही बोलले.

बाईंनी ट्रे उजेडात धरला. "ओरडू नकोस, हे बघ." ट्रेच्या कडेला आम्ही दरवेळी ओळखीचा एक जंतू लावतो, या औषधाने हमखास मरणारा. तोही मजेत वाढला होता. द्रावणं कधी केली, त्यांनी विचारलं. सकाळी, रमजानच्या पद्धतीने. बाईंनी कपाळावर हात मारला. इतर औषधांना ही पद्धत चालते, पण हे पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं. दिवसभर तसंच ठेवलं तर औषध सगळं खळग्याच्या भिंतीला, द्रावणात नुसतं नावाला.

मग त्यांनी स्वतः काचेच्या नळ्या मांडल्या आणि जंतूची तयारी झाल्यावरच ताजं द्रावण करायला घेतलं. तोवर संध्याकाळ झाली. अजान झाली तरी बाई उठल्या नाहीत. मी दारातून पाण्याचा ग्लास दाखवला, तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. शेवटची नळी इन्क्युबेटरमध्ये गेली तेव्हा कुठे त्यांनी रोजा सोडला. सकाळी नळ्या नितळ होत्या आणि औषध लगेच सुरू झालं. त्यांचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

व्हेंटिलेटर निघाल्यावर बाई त्याला बघायला आल्या. "तुझी बायको फार भांडते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आय नो," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता, पण त्याचाच होता. मी बाईंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.