खुशालराव पारख्याची हमी

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरून चांदीवाल्यांच्या गल्लीत शिरलं की एका दुकानाच्या ओट्यावर खुशालराव बसलेले दिसत. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर काळं मखमली फडकं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. नाणं पारखणं हा त्यांच्या घरचा धंदा. कापसाच्या हंगामात त्यांचे वडील व्यापाऱ्यांचे रुपये दगडावर वाजवून खरे-खोटे वेगळे करत. पुढे नोटांचा सुळसुळाट झाला, सत्तावन्न साली नवे पैसे आले आणि रुपया वाजवायचं कामच सरलं. पण त्याच सुमारास जुनी नाणी हौसेनं जमवणारी माणसं निघाली. कोणी वकील, कोणी मास्तर, कोणी रेल्वेतला बाबू. खुशालरावांचा ओटा पुन्हा गजबजला.

पटवारी जमिनीची प्रत लावतो तशी ते नाण्याची लावत. अव्वल, दोयम, सोयम. नाणं विकलं की सोबत जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी देत. ‘प्रत खाली निघाली तर फरक मी भरून देईन. मुदत नाही.’ गल्लीतले दुकानदार हसत.

“डोयाची कोणी हमी देते काय, खुशालराव?”

“माहा डोया देते,” ते म्हणत आणि डोळ्यावरचं भिंग पुसत.

बासष्टच्या उन्हाळ्यात अमरावतीहून पोस्टकार्ड आलं. लिहिणारे शेषराव हे राजापेठेत राहणारे सरकारी कचेरीतले कारकून. त्यांनी हिवाळ्यात खुशालरावांकडून कंपनी सरकारचा एक रुपया पस्तीस रुपयांना नेला होता. चिठ्ठीवर प्रत होती अव्वल. कार्डात त्यांनी फार संकोचानं लिहिलं होतं: ‘आमची आई म्हणते, या रुपयाला कधीतरी कडी डाकून जोडलेली होती. राग मानू नये.’

खुशालरावांना राग आलाच. तीस वर्षं नाणी पाहिलेल्या माणसाला कोणा म्हातारीनं शिकवावं? त्यांनी कार्ड टोपीत खोचलं, पण दोन दिवस जेवणात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी गाडी धरली, बडनेऱ्याला बदलली आणि अमरावतीला उतरून टांग्यानं राजापेठ गाठली.

शेषराव दारातच गोंधळले. “तुमी कायले तसदी घेतली, खुशालरावजी? मी आपलं सहज लिवलं.”

“चिठ्ठी माही हाय. रुपया दाखवा.”

आतून सुंदराबाई आल्या. शेषरावांची आई, साठीची, पांढरं लुगडं नेसलेली. त्यांनी रुपया हातात घेतला, पाहिलाच नाही. काठावरून नुसता अंगठा फिरवला आणि एका जागी थांबवला.

“इथं. कडी काढून चांदी भरली अन् कानशीनं रेघा पाडल्या. हात लावून पाहा ना भाऊ, बारीक लागते.”

खुशालरावांनी भिंग लावलं. काही दिसेना. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत रेघा खरंच दाट होत्या.

“अन् हे मागची बाजू घासली कावून?” सुंदराबाईंनी विचारलं.

“मले वाटलं, ठसा हलका पडला.”

“ठसा नाई जी. गयातल्या रुपयाची एक बाजू छातीले घासते, दुसरी तशीच रायते. मी चाळीस वरसं घातली माळ. माह्या बापानं गिरणीत खपून एक-एक रुपया जमवला होता. छप्पनच्या दसऱ्याले सारं घर दीक्षेले नागपूरले गेलं, तवा मोडली. तिकिटं काढली, पांढरी लुगडी घेतली.” अंगठा बोटांवरून फिरवत त्या म्हणाल्या, “त्याचं दुख नाई मले. पण हाताले ते रुपये अजून याद हायेत.”

खुशालरावांनी खिशातून तीस रुपये काढून चटईवर ठेवले. कडी काढलेल्या रुपयाला पाचाच्या वर किंमत नव्हती. शेषराव हात मागे घेऊ लागले.

“घे रे,” सुंदराबाई म्हणाल्या. “त्यायनं लिहून देल्लं ना? नाई घेतलं तं त्यायच्या लिवण्याले काय मोल रायलं?”

चहा आला. आपल्या गल्लीतल्या काही जणांना या घरचा चहा घेतलेला आवडणार नाही, हे कप हातात घेताना खुशालरावांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी दुसरा कपही मागितला.

पण जीव अडकला होता दुसरीकडे. हा रुपया ज्या फेरीवाल्याकडून घेतला, त्याच्याकडचे आणखी सहा त्यांनी अव्वल म्हणून विकले होते. फेरीवाला पुन्हा कधी फिरकला नाही. ज्यांनी नाणी नेली, त्यांना तर काही ठाऊकच नव्हतं. तरी खुशालराव चांदूर रेल्वेला गेले, मूर्तिजापूरला गेले, अकोल्यातली दोन घरं गाठली. डोळे मिटून अंगठा फिरवत. सहातले चार डाकलेले निघाले. फरक भरायला त्यांनी बऱ्हाणपूरच्या टांकसाळीची मोहोर विकली. ती त्यांनी वीस वर्षं कोणाला हातही लावू दिली नव्हती.

“लोकायले पत्ता नोयता,” त्यांची बायको गोदाबाई म्हणाल्या. “चूप राह्यले असते तं?”

“मले पत्ता होता ना,” खुशालराव म्हणाले. गोदाबाईंनी पुढे हा विषय काढला नाही, मात्र त्या दिवशी भाकरीवर लोणी जास्त वाढलं.

त्यानंतर शंका आली की नाणी पुरचुंडीत बांधून राजापेठेत जायची आणि नाण्यामागं आठ आणे सुंदराबाईंना मिळायचे. नवे पैसे आले तरी दोघंही त्याला आठ आणेच म्हणत. सदुसष्ट साली एका जहागीरदाराच्या घरची तीनशे नाणी एकदम विकायला आली, तेव्हा खुशालरावांनी सुंदराबाईंनाच अकोल्याला बोलावलं. चांदीवाल्यांच्या गल्लीत, ओट्यावर, मखमली फडक्यापुढं सुंदराबाई बसल्या. लोक उभे राहून पाहू लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी डाकलेले अकरा रुपये बाजूला काढले.

खुशालरावांनी हमीची चिठ्ठी लिहिली, सही केली आणि शाईची डबी त्यांच्यापुढं सरकवली.

“अंगठा नाई देत मी,” सुंदराबाई म्हणाल्या. “शेषरावनं सई शिकवली मले. पेन्सिल आणा.”

त्यांनी खुशालरावांच्या नावाखाली, जरा वाकड्या पण ठसठशीत अक्षरात, आपलं नाव लिहिलं. लिहायला चांगला वेळ लागला. तोवर गल्लीत कोणी हललं नाही.