घोड्याच्या खाचेतली चिंधी

आधीच सांगतो, भुताखेताचा विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठणारा मी माणूस. मशीनचा मेकॅनिक आहे. आवाज आला म्हणजे कुठलातरी स्क्रू ढिला, बस्स! तरीही हे लिहितोय, कारण इतकी वर्षं पोटात ठेवलं... आता ठेववत नाही.

केज तालुक्यातलं नांदूरघाट. गावोगावी एसटीडी बूथ नवे नवे निघत होते तेव्हाची गोष्ट. स्टँडजवळ आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. वडील, म्हणजे आमचे दादा, त्याच उन्हाळ्यात गेले होते.

समोर गुरुआप्पांचं किराणा दुकान. माणूस दिलदार, पण राग कायम नाकावर. घरात त्यांच्या वडिलांचं, निजामाच्या काळातलं रिव्हॉल्व्हर होतं, परवान्याचं. भांडण झालं की आप्पा ते बाहेर काढायचे. दोनदा तर माणसावर रोखून चाप ओढला होता, पण उडालं नाही. "भोलेनाथानं वाचिवलं," असं अख्खं गाव म्हणायचं.

त्या वर्षी निवडणुकीला परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा झाली आणि आप्पांचं परत आलं ते गंजूनच. खंडेनवमीला ते पाटावर पूजेला मांडायची त्यांची रीत. म्हणून आदल्या दिवशी दुपारी, गोळ्या घरी काढून ठेवून, आप्पा ते माझ्याकडे घेऊन आले.

"वरून पुसून दे, बंडू. तुजी काकू म्हनती, आत हात घालू देऊ नका."

"कावून?"

"बायकांचं काय बे, कायबी म्हनत्यात!"

दोघंही हसलो.

वरवरचं काम करायचं म्हणजे मला अपमान वाटायचा. खरं सांगतो, मस्ती होती अंगात. पोरगा बापापेक्षा सवाई निघाला, असं गावाला म्हणायला लावायचं होतं. आप्पा गेले आणि मी बाजूची पट्टी उघडली. आत काळं चिकट तेल. आणि घोड्याच्या खाचेत (घोडा म्हणजे गोळीवर आपटतो तो भाग) एक हिरवी चिंधी घट्ट दाबून बसवलेली. चिमट्यानं ओढून काढली. सगळे भाग रॉकेलनं धुतले, ब्रशनं घासले, मशीनचं तेल दिलं, जोडलं. चाप ओढला. घोडा मध्येच अडला.

परत उघडलं. त्याच खाचेत चिंधी... निळ्या रेघांची.

दुकानात मी एकटा. जागेवरून उठलोही नव्हतो. पुसायला माझ्याकडे फक्त जुन्या धोतराचं पांढरं फडकं. निळ्या रेघांचा आमच्या घरात एकच कपडा होता, दादांचा सदरा. तो मीच त्यांच्या अंगात घालून त्यांना शेवटचं नेलं होतं.

अरे, तसंच बंद करून द्यायचं होतं ना! पण नाही. "मघाशी दिसली नसेल," असं स्वतःला बजावलं आणि दोन्ही चिंध्या स्टोव्हवर धरून जाळल्या. हट्टानं जाळल्या. पुन्हा जोडलं, चाप ओढला, तर घोडा असा खाडकन आपटला... मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. आतून साफ केलंय हे आप्पांना सांगितलंही नाही. म्हटलं, स्वतः बघतील नि चकित होतील.

खंडेनवमीला पूजा झाली. गोळ्या नेहमीसारख्या परत भरल्या होत्या. त्यांच्या पोरानं, शिवराजनं, तेवढ्यात किराणा मोडून एसटीडी बूथ टाकायचा विषय काढला. शब्दाला शब्द वाढला. आप्पांनी पाटावरचं रिव्हॉल्व्हर उचललं, नेहमीसारखं. चाप ओढला, नेहमीसारखा.

गोळी शिवराजच्या उजव्या खांद्यातून गेली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला, हात मात्र लुळा पडला तो पडलाच. "पुसताना उडाली," असं घरच्यांनी सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही.

विचारलं ते फक्त काकूंनी. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बाजूला घेतलं.

"बंडू, आप्पाला ठावं न्हाई. लई वर्सामागं मी तुज्या बापाच्या पाया पडलते. ते उडू नये म्हनून त्यानं माज्या हिरव्या खणाचा तुकडा आत घालून दिलता. मरायच्या आदी बी म्हनला, वैनी, त्या हत्याराची काळजी माज्याकडं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला दिसला न्हाई का रं तुकडा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई काकू. मी वरूनच पुसलं."

"मग गळून पडला आसंल." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुजा काय दोस, लेकरा?"

दुसऱ्या तुकड्याचं विचारायला जीव तुटत होता. काकू, दादांनी निळाही घातला होता का हो? पण विचारलं असतं तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. पुढं काकूही गेल्या, आता विचारायला कुणी उरलं नाही. आणि घातला असलाच, तर तो सदरा मी अखंड त्यांच्या अंगात घातला होता... मग तुकडा आला कुठून?

दर खंडेनवमीला शिवराज डाव्या हातात ताट घेऊन येतो. "आई सांगून गेलीय, पयलं ताट बंडूदादाला." मी घेतो. तसंच झाकून ठेवतो.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. मला एवढंच ठाऊक आहे की त्या निळ्या रेघा मी ओळखल्या होत्या, आणि ओळखूनच जाळल्या.