सातव्या दरवाजाची पोथी

बहात्तर साली आमच्या गावात पाऊस पडला नाही, आणि त्याचं खापर आळीतल्या बायकांनी माझ्या डोक्यावर फोडलं. मी तेव्हा आठवीत होते. सबंध जिल्हा कोरडा होता, आसपासचे जिल्हे कोरडे होते. एवढ्या मुलखाचे ढग मी एकटी पळवून लावू शकते, याबद्दल एकाही बाईला शंका आली नाही. आता आठवलं की हसू येतं, असं मी म्हणणार नाही. मला अजून रागच येतो.

झालं ते एका पुस्तकापायी. नीट सांगायचं तर सात पुस्तकांपायी.

सातवीच्या पुढे गावात शाळा नव्हती. हायस्कूल मिरजगावला, आमच्यापासून दीड कोसावर. आमच्या घरातून तिथवर गेलेली मी पहिली मुलगी. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हो म्हणायला अख्खा उन्हाळा घेतला होता आणि शेवटी म्हणाले ते एवढंच, "बघू एक वरीस." त्या शाळेत पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. मराठीच्या बाई दर शनिवारी ते उघडायच्या आणि ज्याला हवं त्याला एक पुस्तक द्यायच्या. मी हात घातला आणि एका जादूच्या कादंबरीचा पहिला भाग बाहेर आला.

एक डोंगर, त्याला एकामागे एक सात दरवाजे, दर भागात एक दरवाजा उघडायचा. आत बसलेल्या जादूगाराने एका राजकन्येचा आवाज काढून मातीच्या घागरीत कोंडलेला. ती मुकी राजकन्या आणि एक कुंभाराचा पोरगा मिळून ती घागर शोधायला निघतात. तलवार राजकन्येच्या हातात आणि पोरगा मागे लटपटत चाललेला, हे मला फार म्हणजे फारच आवडलं. मी ते पुस्तक शाळेच्या वाटेवर चालता चालता वाचायचे. दोनदा ओढ्यात पडले. ओढ्यात पाणी नव्हतं, त्यामुळे भिजले नाही, गुडघे मात्र फुटले. आठवडा शनिवारी सुरू होतो, असं मला तेव्हा वाटायचं.

श्रावणात दुपारची जेवणं उरकली की आमच्या सोप्यात पोथी लागायची. आळीतल्या पंधरा-वीस बायका जमायच्या. वाचायला गावातले एक म्हातारे बाबा असत. ते नाकात वाचायचे, एका दमात पन्नास ओव्या, आणि अर्थ कधीच सांगायचे नाहीत. बायका हात जोडून पेंगायच्या, शेवटी गूळ-फुटाणे घेऊन घरी जायच्या. ऐकल्याचं पुण्य लागतं, कळलंच पाहिजे असं नाही, असा रिवाज. वर्षानुवर्षं ऐकूनही पोथीत काय आहे ते एकीलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी बाबांचे डोळे गेले. घरात शिकलेली पोर आहेच, म्हणून पोथीचा पाट माझ्या पुढ्यात आला. शाळेतून धावत आल्यावर वाचायचं, म्हणून पोथी उन्हं कलल्यावर लागू लागली.

दोन दिवस मी ओव्या वाचल्या आणि जमेल तसा अर्थ सांगितला. तिसऱ्या दिवशी ओव्यांतलं मलाच काही कळेना. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मी अर्थ म्हणून पहिला दरवाजा उघडला.

पेंगणाऱ्या बायका जाग्या झाल्या. आवाज घागरीत कोंडला तिथे एकीने तोंडावर पदर धरला. दुसऱ्या दिवशी तीस बायका आल्या, त्याच्या पुढच्या दिवशी सोपा पुरेना. मी पोथीच्या पानांत कादंबरी ठेवू लागले. पाच ओव्या वाचायच्या की अर्थ सुरू. "मेले बाबा आजवर गप बसले आन् आमाला काय सांगितलंच न्हाई," असं म्हणून बायका त्या आंधळ्या म्हाताऱ्याला बोल लावत. एका आजीने राजकन्येसाठी सोमवार धरला. मुकी राजकन्या जादूगाराच्या दाढीला झोंबते त्या जागी बायकांनी चक्क टाळ्या पिटल्या आणि मग पोथीपुढे टाळ्या पिटल्या म्हणून गाल बडवून घेतले.

मी फसवत होते, हे मला कळत होतं. पण वाचलेलं दुसऱ्याला सांगण्याची हाव काय असते ते ज्याला ठाऊक आहे, त्याने मला दोष द्यावा. बाकीच्यांनी गप्प बसावं.

एकीला मात्र सारं माहीत होतं. माझी काकू, तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. सोपा सारवताना तिने पोथीचं लाल फडकं उचललं आणि आतून कादंबरी खाली पडली. वेष्टणावर तलवार उपसलेल्या पोरीचं रंगीत चित्र. काकूने ते बराच वेळ पाहिलं, पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज जरा जास्त वाच. काल लई थोडक्यात उरकलंस."

तेव्हापासून ती माझ्या बाजूची झाली. माझ्या वाटणीची भांडी घासायची. पाणी शेंदायला मला हाक आली की म्हणायची, "तिला पोथी बघून ठिवायची हाय, मी जाते." चुलीपुढे हळूच विचारायची, "घागर घावंल का गं?" मी म्हणायचे, सातव्या भागात. "मग लवकर आन की." त्या घरात माझ्याशी पुस्तकाबद्दल बोलणारं ते एकच माणूस होतं. मी तिच्यावर जीव टाकला.

श्रावण सरत आला. सहावा भाग वाचून होत आला होता आणि सातवा बाईंनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. समाप्तीच्या तयारीला मिरजगावहून भटजीबुवा आले. त्यांनी सहज विचारलं, "कुठवर आली पोथी?" सोमवार धरणारी आजी पुढे सरसावली. "सहावा दरवाजा उगडला बगा. राजकन्या आत शिरलीय, कुंभाराचं पोरगं भाइरच ऱ्हायलं."

बुवांनी फडकं सोडलं.

पुढचं फार भराभर झालं. बुवा नुसते कपाळाला हात लावून बसले. बोलली ती शेजारची बाई, जिने सगळ्यात मोठ्याने टाळ्या पिटल्या होत्या. "आता समजलं पाऊस का न्हाई ते! पोथी बाटवली हिनं." एकदा हे शब्द बाहेर पडल्यावर सगळ्यांनाच ते आधीपासून वाटत होतं. कुणाची बाजरी करपली ती माझ्यामुळे, कुणाची गाय आटली ती माझ्यामुळे. त्यांचं महिनाभरचं ऐकणं, रडणं, हसणं कुठे गेलं कोण जाणे.

तात्या आले. त्यांनी मला नाही विचारलं, काकूला विचारलं, "तुला म्हाईत हुतं का हे?"

मी काकूकडे पाहत होते. ती कबूल करील असं मला वाटलंच नव्हतं. पण निदान "लहान हाय, जाऊ द्या" एवढं तरी म्हणेल, असं वाटत होतं. काकूने पदर पुढे ओढला.

"मला काय ठावं? मी अडानी बाई."

पुस्तक शाळेचं होतं, म्हणून चुलीत गेलं नाही. तात्या सोमवारी सायकलवरून ते परत देऊन आले आणि माझं नावही शाळेतून काढून आले. एकाच फेरीत दोन्ही कामं झाली. ओव्या मात्र समाप्तीपर्यंत मलाच वाचायला लावल्या, कारण अर्धी पोथी सोडू नये. ऐकायला चार बायका आल्या. त्या पेंगत होत्या.

पाऊस तरीही पडला नाही. दिवाळीनंतर गावाजवळ दुष्काळी काम निघालं आणि मी त्याच बायकांच्या रांगेत खडी फोडायला बसले. दुपारी सरकारी सुकडी खायला सुट्टी व्हायची, तेव्हा एकेक जण जवळ सरकायची. "मग फुडं काय झालं गं त्या पोरीचं?" मला खरोखरच माहीत नव्हतं. मी हातोडी उचलायचे. दोन वर्षांनी माझं लग्न लागलं.

सातवा भाग मला भेटला तो नगरमध्ये, माझ्या लेकीच्या शाळेत. तिची फी भरायला गेले होते, रांग मोठी होती आणि शेजारीच तसंच एक काचेचं कपाट होतं. उभ्या उभ्या वाचून काढला. सगळ्या भागांत तोच पोकळ निघाला. जादूगार पायात पाय अडकून पडतो, घागर आपटते, फुटते, राजकन्येला आवाज येतो. तिची तलवार कुठे गेली, कुणी सांगत नाही. उरलेली वीस पानं लग्न. यासाठी मी शाळा घालवली, असं मनात आलं आणि तिथेच रडू आलं. लेकीला वाटलं, फी कमी पडली.

त्यानंतर कधीतरी माहेरी गेले होते. काकू थकली होती, उन्हात बसून ज्वारी निवडत होती. आम्ही दोघीच होतो. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. सूप बाजूला ठेवून तिने हळूच विचारलं, अगदी चुलीपुढे विचारायची तसंच.

"त्या पोरीला आवाज मिळाला का गं? मला लई येळा सपनात येती. तोंड उगडती, आन् काय आयकू येत न्हाई."

मला सांगता आलं असतं. घागर फुटली म्हणून सांगता आलं असतं. त्या पुस्तकापेक्षा चांगला शेवट रचूनही सांगता आला असता, तेवढी अक्कल मला होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर लागले होते, श्रावणात लागायचे तसे.

"मला काय ठावं, काकू," मी म्हणाले. "मी अडानी बाई."

तिने मान खाली घातली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.