आलोशियस अंकलच्या कोटातला कबाब

बहारीनमध्ये रविवार शुक्रवारी येतो. ऑफिसला सुट्टी शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा शुक्रवारी, आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मटणाला बंदीही शुक्रवारीच. आठवडाभर राबायचं आणि एकुलत्या सुट्टीला भोपळ्याची भाजी खायची. तिथल्या वसईकर ख्रिश्चनांची याहून कडक परीक्षा देवालाही सुचली नसती.

या परीक्षेचे स्वयंघोषित सुपरवायझर म्हणजे आलोशियस अंकल. गाव वसईजवळचं गास, बायको फ्लोरी तिकडेच, आणि हे मनाम्यातल्या एका हॉटेलात मुख्य आचारी. लेंटमध्ये दर शुक्रवारी मारियामातेची मूर्ती एकेका घरी जायची. तिच्यापुढे रोझरीची जपमाळ चालवायचे अंकलच, लग्नातला काळा कोट घालून. पण आत शिरण्याआधी दारात थांबून नाक वर करायचे.

१९७९ साली त्या नाकाने जुफैरच्या नर्स मॅगीला पकडलं.

"मॅगीबाय, कुकरात काय?"

"मटण. उद्यासाठी शिजवून ठेवलंय, अंकल. उद्या परत ड्युटी आहे."

"शिजवणारीचं मन आजच खातं!"

मूर्ती कडेवर घेऊन ते आल्या पावली परत फिरले. मॅगी पेटलेली मेणबत्ती हातात धरून जिन्यात ओरडत राहिली, "अहो, मातेला तरी विचारा, तिला जायचंय का!"

आणि अंकल स्वतः? शुक्रवारी हॉटेलात मोठं बुफे. आचाऱ्याने चव बघायलाच हवी. आधी चमचाभर, मग वाटीभर. आता तर चव बघायला स्टूल लागायचं. हॉटेलचा अकाउंटंट सदानंद, पुण्याचा, डोळे मिचकावून विचारायचा, "काय हो, आज शुक्रवार ना?"

"ही ड्युटी आहे. ड्युटीला वार नसतो."

कन्फेशनमध्ये ते फ्लोरीवर चिडल्याचं सांगत, मिस्साला डुलकी लागल्याचं सांगत. ड्युटी कशाला सांगायची?

पुढच्या शुक्रवारी रोझरी तुबलीला, गॅरेजवाल्या पॉलकडे. अंकल बुफेवरून थेट आले. कोटाच्या आत, शर्टाच्या खिशात, कागदी रुमालात दोन कबाब. वाटेतच खायचे होते, पण गाडीत घेणारा नेमका चर्चचाच माणूस निघाला.

सुरुवात पापकबुलीच्या प्रार्थनेने. अंकल छाती अशी बडवायचे की शेवटच्या रांगेलाही ऐकू जावं.

"माझा अपराध!" धप्. "माझा अपराध!" धप्. "माझा फार मोठा अपराध!"

तिसऱ्या ठोक्याला आत काहीतरी फुटलं. ऊन तूप बरगड्यांवरून खाली उतरलं आणि वास खोलीभर पसरला.

सगळ्यांचे डोळे उघडले. सगळ्यांनी बघितलं मॅगीकडे.

"मॅगी, आज पण?" पॉल म्हणाला.

"मी? अरे, सकाळपासून पेजेवर आहे!"

"मग काय मूर्तीला येतोय वास?" मागून कोणीतरी खिदळलं.

मॅगीने पर्स उचलली. "खलास. आता यायचीच नाही मी रोझरीला."

अंकल नुसते गप्प राहिले असते तरी सुटले असते. कोटाची बटणं शाबूत होती. त्यांनी घाईघाईने 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं आणि 'आमच्या अपराधांची क्षमा'पाशी अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. दारात मॅगी चपला शोधत होती. समोर माता, जिला त्यांनी पेटत्या मेणबत्तीसमोरून पळवलं होतं.

"मॅगीबाय, थांब."

त्यांनी कोट काढला. शर्टावर अख्ख्या बहारीनच्या नकाशाएवढा डाग.

"वास माझा आहे. आजचाच नाही, दर शुक्रवारचा. मी चव बघत नाही रे, जेवतो. पोटभर. आणि वर तुमचे कुकर हुंगतो." ते मूर्तीकडे वळले. "माते, तुझ्यापुढे मी कोटच उभा करत होतो. माझ्यासाठी क्षमा माग तुझ्या लेकाकडे. मॅगी, तूही माफ कर."

पॉल हळूच म्हणाला, "अंकल, दोन होते?"

घर हसलं. मॅगी नाही हसली.

"माझ्या दारातून मूर्ती परत नेलीत."

"नेली."

"मग आता उचला. यल्ला, चला!"

वरात जुफैरला गेली. रोझरी मॅगीने चालवली. अंकल मागे, चपलांच्या ढिगाशेजारी गुडघ्यांवर, कोटाशिवाय.

त्या आठवड्यात त्यांचं कन्फेशन इतकं लांबलं की मागची रांग कुरकुरली. शुक्रवारची चव तेव्हापासून सदानंद बघू लागला. "मीठ कमी" म्हणून दुसरी प्लेट मागायचा. अंकल नुसते बघत बसायचे.

पण जुनी खोड एका दमात थोडीच जाते? कोणाच्याही दारात ते अजून थबकायचे, मान वर जायची.

"अंकल, नाक खाली," मॅगी म्हणायची.

आणि ते नाक खाली करून मूर्ती आत न्यायचे.