मेंढरं ज्या पाण्याला तोंड लावेनात

फॉर्ममधल्या नवव्या प्रश्नाला फोटो मागितला नसता, तर आम्ही घरातून हललोच नसतो. मी पुण्यात घरच्या घरी लोकरीची जाजमं आणि आसनं विकते. लोकर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या मेंढपाळांची, विणकाम माधवनगरचं, खोकी शिरवळची. एका हॉटेल कंपनीनं दोनशे जाजमं घ्यायची तयारी दाखवली. माझ्या उद्योगातली ही आजवरची सगळ्यात मोठी मागणी. सोबत एक लांबलचक फॉर्म आला: माल कुठून येतो, कसा येतो, वाटेत हवा-पाणी किती खराब होतं. नववा प्रश्न होता, ‘लोकर धुताना रसायन वापरलं जात नाही ना? फोटो जोडा.’ मी ‘नाही’वर बेधडक खूण केली. फोटो शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की आपली लोकर धुताना आपण कधी पाहिलेलीच नाही.

“वेबसाइटवर तर ‘मेंढीपासून तुमच्या घरापर्यंत’ असं लिहिलंयस,” मिलिंद म्हणाला. मिलिंद म्हणजे माझा नवरा, आणि अशा सहलींचा बिनपगारी ड्रायव्हर.

“घरापर्यंतचं मला माहीत आहे,” मी म्हटलं. “मेंढीपासूनचं बघून येऊ.”

फॉर्म सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी पहाटे सहाला निघालो. फेब्रुवारीत निघत असाल तर एक स्वेटर जवळ ठेवा, दहानंतर तो मागच्या सीटवर पडून राहील. शिरवळला पोचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला. खोकी बनवणाऱ्या माणसाचं शेड हायवेला लागूनच आहे. जुन्या पुठ्ठ्यापासून नवा पुठ्ठा होतो हे त्यानं कौतुकानं दाखवलं आणि मीही कौतुकानं फोटो काढले. निघताना तो म्हणाला, “मॅडम, आतली प्लास्टिकची पिशवी बंद करायची का? तुम्हीच सांगितलेली, म्हणून घालतोय.” मी वहीत ‘पिशवी बंद’ असं लिहिलं. जणू ती दुसऱ्याच कुणी सांगितली होती.

खंबाटकीच्या पुढे साताऱ्यात मिसळ खाल्ली. तिखट होती, पण पैसे वसूल. कंदी पेढे परतीच्या वाटेवर घ्या, जाताना घेतले तर सांगलीपर्यंत उरत नाहीत. पेठ नाक्यावरून आत वळल्यावर रस्त्याचं काम बऱ्याच ठिकाणी चालू होतं, त्यामुळे गूगल सांगेल त्यात अर्धा तास वाढवून धरा. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत रांगत कुपवाडला पोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती आणि दुचाकींचा लोंढा समोरून येत होता.

कुपवाडला शौकतचाचा माझी लोकर पिंजून तिचं सूत करतात. सहा वर्षं फोनवर बोललो, भेट मात्र पहिलीच. त्यांनी पिंजलेल्या लोकरीचा एक झुबका माझ्या तळहातावर ठेवला.

“काय वाटतंय?”

“स्वच्छ आहे,” मी म्हटलं.

“कोरडी हाय,” ते म्हणाले. “आधी तुमची लोकर पिंजली की हाताला तेल लागायचं. जनावराचं अंगचं तेल असतंय ते. वर्ष झालं, तेल न्हाई आणि साबणाचा वास येतोय. माधवनगरला इचारा, सूत लय तुटतंय म्हणून वरडत्यात.”

माधवनगर जवळच. तिथल्या विणकरानं चालू माग थांबवला आणि एकाच पट्टीतल्या, तुटलेलं सूत जोडलेल्या गाठी मला मोजून दाखवल्या. सांगलीत स्टँडजवळच्या लॉजवर आम्ही मुक्काम केला, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. रात्री भडंग खात मिलिंद म्हणाला, “अजून वेळ आहे. शिरवळचे फोटो जोड आणि सोडून दे.” खोटं कशाला सांगू, मला ते पटत होतं. दोनशे जाजमं म्हणजे विणकराचं वर्षभराचं काम, माझं नाव, सगळंच त्यात होतं.

तरी सकाळी मिरजेवरून पूर्वेला निघालो. तासाभरात ऊस संपतो, द्राक्षं संपतात, मग बाभळी आणि मोकळं रान. ज्या वस्तीवर गेलो तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्यांची नाही. माझी लोकर येते ती या वस्तीतल्या सगळ्या घरांची मिळून. हौसामावशी आणि बिरूमामा हे त्यातलं एक जोडपं, आणि फोन मावशींकडे असल्यामुळे माझं सगळं बोलणं त्यांच्याशी.

आम्ही पोचलो तेव्हा कातरणी उद्यावर आली होती आणि मेंढरं धुवायचं काम चालू होतं. इथली रीत अशी, की कातरायच्या आधी मेंढरू पाण्यातून काढायचं. बिरूमामा वस्तीच्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे. काठावरचा माणूस एकेक मेंढरू त्यांच्याकडे ढकलतो, ते त्याची पाठ चोळतात आणि पलीकडे सोडतात. पहिल्या मेंढरावर भंडारा उधळतात. आमच्या देखत तो उधळला आणि मी छान फोटो काढला. मग काठावर मला धुण्याच्या पावडरीच्या रिकाम्या पुड्या दिसल्या. एक-दोन नाही, चांगला ढीग होता.

“मावशी, हे काय?”

“पावडर,” मावशी म्हणाल्या. “तुमीच सांगितलं नव्हं, वास नको म्हणून?”

मी सांगितलं होतं. एका गिऱ्हाइकानं जाजमाला मेंढीचा वास येतो म्हणून ते परत पाठवलं, तेव्हा मी मावशींना आवाजी संदेश पाठवला होता: लोकर एकदम स्वच्छ हवी, अजिबात वास नको. नुसत्या पाण्यानं वास जाईना, म्हणून त्यांनी पावडर आणली. ती पदरमोड करून. मग वस्तीतल्या सगळ्यांनीच आणली, कारण ताईंचा, म्हणजे माझा, माल एकसारखा जायला पाहिजे.

“पाणी खराब झालं असेल ना?” मी विचारलं.

बिरूमामा पाण्यातनं बाहेर येत म्हणाले, “तळ्यात आता पाणी ऱ्हातंय किती? दिवाळीच्या धुण्यापास्नं मेंढरं ह्याला तोंड लावंनात. कालव्यावर नेतो.”

“किती लांब?”

“जाऊन येऊन निम्मा दिस जातोय.”

“मग मला कळवलं का नाही?”

मावशी माझ्याकडे जरा नवलानं बघत राहिल्या. “आवं, त्यात काय कळवायचं? तुमी एवढ्या लांबनं माल घेताय. गिऱ्हाइकाला वास येतोय म्हणल्यावर काय तरी कराया नको का?”

मला रडू आलं. मिलिंद पाठमोरा होऊन उगाच गाडीच्या काचा पुसायला लागला. मी रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागवायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. फॉर्ममधली ‘रसायन’ ही गोष्ट मी कुठल्यातरी कारखान्यात शोधत होते, आणि ती माझ्याच तोंडून इथवर आली होती.

मावशींनी घरात नेऊन हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी वाढली. जेवताना मी म्हटलं, “पावडर आजपासून बंद. पण वासाचं काय करायचं?”

“उन्हात टाकायचं आणि काठीनं झोडायचं,” मावशी म्हणाल्या. “आमची घोंगडी कोण पावडरीनं धुतंय? दोन दिस ऊन खाल्लं की निम्मा वास जातोय.”

“आणि उरलेला?”

“उरलेला मेंढराचाच हाय, ताई. त्यो कुटं जाईल?”

धुवायची राहिलेली मेंढरं त्या दिवशी तशीच ठेवली. बिरूमामा दुपारी ती पाणी पाजायला कालव्याकडे घेऊन निघाले आणि आम्ही थोडं अंतर त्यांच्याबरोबर चाललो. ऊन फार होतं. मेंढरं तळ्याच्या अगदी जवळून गेली, पण एकानंही तिकडे मान वळवली नाही.

परतीला साताऱ्यात पेढे घ्यायचे विसरलो. रविवारी रात्री फॉर्म उघडला आणि नवव्या प्रश्नाची खूण बदलली. पुड्यांच्या ढिगाचा फोटो जोडला. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं, की पावडर माझ्या सांगण्यावरून आली, आता बंद आहे, आणि यापुढे जाजमांना थोडा वास येईल.

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. खरं लिहिल्याबद्दल आभार मानले होते, आणि दोनशेऐवजी व्हरांड्यासाठी तीस जाजमं मागवली होती, तिथं वारं असतं म्हणून. विणकराला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “सूत तरी तुटायचं न्हाई.” आता लेबलवर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द नाही. ‘याला मेंढीचा वास येतो, दोन दिवस उन्हात ठेवा’ एवढंच आहे. दोघा गिऱ्हाइकांनी मागणी रद्द केली.

तळं मात्र माझ्या लेबलानं निवळत नाही. ते पावसानं भरून वाहिलं तर निवळेल, असं बिरूमामा म्हणतात. मी मावशींना दर आठवड्याला फोन करते. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, लोकर कधी पाठवताय. आता मी आधी विचारते, “लावलं का तोंड?”

“अजून न्हाई, ताई,” मावशी म्हणतात, आणि मग लोकरीचं सांगतात.