गळक्या जीपची डॉक्टरीणबाई

"चालतंय म्हणू नका. काय झालंय ते सांगा," असं म्हणत डॉक्टरीणबाई टेबलावर तळहात आपटायच्या. समोर रोगी असो, त्याचा बाप असो, की मी, त्यांचा कंपाउंडर. तुम्हीही अशी रागीट माणसं पाहिली असतील. बहुतेकांचा राग घटकाभरात विझतो. बाईंचा विझत नसे; त्या त्याला कामाला लावत.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. सालेकशाच्या जंगलालगत आमचा लहानसा दवाखाना. बाई नागपूरच्या, एकट्या राहायच्या. दवाखान्याला लढाईतून उरलेली एक जीप मिळाली होती, पुढची चाकंही इंजिनाने फिरणारी. त्या चाकांच्या आतल्या बाजूला लोखंडी गोळ्यात सांधा असतो. तिथून तेल गळायचं. जीप उभी राहिली की खाली काळा डाग.

बाईंनी ती गोंदियाच्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "पुरानी गाडी है बाई, थोड़ा तो टपकेगा. चलता है."

बाई चिडल्या, पण मिस्त्री तो होता. गाडी तशीच परत आली.

त्याच पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावाहून एक अडलेली बाई आम्ही जीपमध्ये घेतली. सोबत तिचा नवरा. नाल्याच्या मधोमध पुढचा सांधा कडकन मोडला आणि चाक अडकलं. तेल गळून तो कोरडा पडला होता, नाल्याचं पाणी आत शिरलं होतं. नवरा धावत जाऊन गावातून खाट आणि माणसं घेऊन आला. आम्ही तिला खांद्यावरून नेलं. दवाखाना दिसू लागला तेव्हा ती गेली. पोटातलं मूलही.

नवऱ्याने विचारलं, "गाडी काऊन थांबली?"

आमच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "नशीब, भाऊ."

"नशीब नाही," बाई म्हणाल्या. "तेल."

मिस्त्रीने नवा सांधा बसवून दिला. थोड्याच दिवसांत खाली पुन्हा डाग. मग मात्र बाई त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसल्या.

"तुम मत करो. मुझे दिखाओ."

"यह औरतों का काम नहीं है, बाई."

"कल मैंने एक आदमी का पैर काटा. वह किसका काम था?"

मिस्त्रीने तोंड वाकडं करून दुसरी एक जीप खोलून दाखवली. बाई गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या.

रविवारी दवाखान्याच्या अंगणात जीप जॅकवर चढली. ड्रायव्हरला अपमान वाटला. तो मोहाच्या झाडाखाली पाठ करून विडी ओढत बसला. बाईंनी पदर खोचला. सुटलेले बोल्ट एनॅमलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडले. गोळ्याभोवतीची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी झिजली होती, ती चिमट्याने ओढून काढली आणि नवी बसवली. सकाळी बघतो तर चाक पुन्हा तेलाने माखलेलं.

बाईंनी हातातला पाना समोरच्या धानाच्या चिखलभरल्या बांधीत भिरकावला. दुपारभर चिखल चाळून मी तो शोधला.

"सापडला, बाई," मी म्हणालो. "पण आता तुमाले राग येऊन राहिला असंन तं मी पानाच लपवून ठेवतो."

त्या हसल्या नाहीत. गळलेलं तेल बोटांवर चोळत होत्या. "हे ग्रीस नाही. पातळ आहे. चाकांच्या आसाच्या आतून येतंय. मी वरून पट्टी बांधत बसले."

पुढच्या रविवारी सगळं खोलून त्यांनी आतला दांडा ओढून काढला. त्याच्यामागचं सील फाटलेलं होतं. नवं बसवलं, आणि गळती आणखी वाढली. सील उलटं बसलं होतं.  बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "गाढव आहे मी," आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरुवात केली. या खेपेला जमीन कोरडी राहिली. मग दुसरं चाक.

ते झाल्यावर बाई मला घेऊन नाल्यापलीकडच्या त्या गावी गेल्या. गेलेल्या बाईचा नवरा शेताच्या बांधावर उभा होता.

"गाडी गळत होती, हे मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "मिस्त्री चलता है म्हणाला, मी ऐकून घेतलं. आता मी ती स्वतः दुरुस्त केली आहे."

तो म्हणाला, "आता कायले सांगता, बाई? तवाच काऊन नाई केलं?"

बाई जीपकडे वळल्या. 

भादव्यात त्याच गावाहून पुन्हा निरोप आला. दुसऱ्या घरची बाई अडली होती. नाला भरून वाहत होता. पलीकडे तोच माणूस काठी घेऊन उभा. आम्हाला बघून तो पाण्यात उतरून अलीकडे आला आणि काठीने दगड चाचपत जीपपुढे चालू लागला. ड्रायव्हरऐवजी बाई स्वतःच त्याच्या मागे मागे जीप हाकत होत्या. जाताना आणि तिला घेऊन येतानाही. दवाखान्यात पोरगी झाली, आई वाचली. तोही मागून चालत आला होता; गावी सोडते म्हणून बाईंनी त्याला गाडीत बसायला सांगितलं.

"नाई. मी पायीच जाईन," तो म्हणाला आणि वळला.

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. त्यांची आगगाडी रायपूरकडे निघून गेल्यावर मी स्टेशनवरून परतलो, तर दवाखान्याच्या पायरीवर तो बसलेला. अंगावर धुतलेलं धोतर.

"बाई गेल्या काय?"

"सकाळच्याच गाडीनं."

"मले त्याईले काही सांगाचं होतं."

"मले सांग. मी चिठ्ठी टाकतो."

"नाई. चिठ्ठीत सांगाचं नाई ते," तो म्हणाला. मग उठला आणि आला त्या वाटेने चालू लागला.