उस्तादांनी न पाहिलेलं दार

आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर घराच्या नकाशावर असतात तशी अक्षरं होती. नवरा हेड ड्राफ्ट्समन, त्यामुळे हळद, मोहरी, धने सगळं शाईने, इंग्रजी कॅपिटलमध्ये. त्याच्या अक्षरांतली आडवी रेघ शेवटी किंचित वर वळायची, शेपटी उचलल्यासारखी. पाहुणे कौतुक करायचे. मी म्हणायचे, "हळद पिवळी असते, मला वाचावी लागत नाही."

शारजातल्या रोल्ला भागात घरांचे नकाशे काढून देणाऱ्या एका कन्सल्टंटकडे आम्ही दोघंही नोकरीला होतो. नव्वदीची मधली वर्षं. तेव्हा ऑफिसं दोन पाळ्यांत चालायची. सकाळी आठ ते एक, मग घरी जेवण आणि डुलकी, मग चारपासून पुन्हा. मुलं शाळेतून यायची म्हणून मी फक्त सकाळी फोन सांभाळायचे. मालक पॅलेस्टिनी, इंजिनियर इजिप्तचे, ड्राफ्ट्समन आपल्याकडचे, चहा देणारा बांगलादेशी. ज्या देशात बसून आम्ही घरं काढत होतो त्या देशाचं ऑफिसात कुणीच नव्हतं, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं.

मग ती आली. काळा अबाया, काखेत कागदांची नळी, अल ऐनच्या विद्यापीठात आर्किटेक्चर शिकून आलेली. पदवी घेऊन बरीच वर्षं घरी बसली होती. सरकारी खात्यांत नंबर लागत नव्हता आणि आमच्यासारखी ऑफिसं तिला घेत नव्हती, कारण अनुभव नाही. अनुभव नाही, कारण कुणी घेत नाही. मालकाने घेतली ती एवढ्याच हिशेबाने, की ऑफिसात एक लोकल, म्हणजे त्याच देशाची नागरिक, असली की म्युनिसिपालिटीत वजन पडतं. ईदपर्यंत काम बघू, म्हणाला, जमलं तर कायम.

आमच्या बिल्डिंगमध्ये मी हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. "लोकल आणि बेकार? त्यांना काय कमी आहे गं?" मी तिलाच एकदा विचारलं. सिनेमाच्या कॅसेटी पाहून ती झकास हिंदी शिकली होती. म्हणाली, "सिस्टर, घर में सब है. काम नहीं है."

तीही माझ्यासारखी फक्त सकाळीच यायची; एक वाजता तिचा भाऊ गाडी घेऊन खाली यायचा. तोही घरीच होता, सरकारी जागेची वाट बघत. प्रायव्हेट म्हणजे हिंदी, म्हणजे आपल्या भारतीय, लोकांचं काम, असं तो हसत हसत म्हणायचा. त्यात खोटं काय होतं? ज्या पगारात आम्ही इथलं भागवून वर गावी पैसे पाठवायचो, त्यात त्याचं लग्न झालं नसतं, इथे लग्नाचा खर्च मुलाने करायचा असतो. वडिलांचंही मत तेच. मुलीला त्यांनी एवढी एकच संधी दिली होती. ईदला कायम झाली तर ठीक, नाहीतर पुन्हा प्रायव्हेटचं नाव काढायचं नाही. तिने मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्यामुळे ईद जवळ येईल तशी मीच दिवस मोजायला लागले.

काम मात्र ती जीव ओतून करायची. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची, फुंकर मारायची, पुन्हा काढायची. एक वाजायच्या आत नकाशा माझ्या नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायची. त्याला ती उस्ताद म्हणायची. "उस्ताद, गलती है तो बोलो." तो वर बघून हसायचा. "एक्सलंट!"

हाच माणूस बाकीच्या पोरांवर डाफरायचा, "रेघ मारलीस की शेवया वळल्यास?" तिला मात्र कधी एक शब्द नाही. मला वाटायचं, मुलगी खरंच हुशार आहे, आणि नवराही जरा मऊ पडलाय. घरी मी त्याला चिडवायचे. तो विषय बदलायचा. मी तिला सांगायचे, बघ, ज्याच्या तावडीतून कुणी सुटत नाही त्याला तुझी एक चूक सापडत नाही. ती लाजायची. वडील आता मजलिसमध्ये, घरातल्या पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, आल्यागेल्याला सांगतात म्हणे, माझी मुलगी घरं बनवते.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत एक वयस्कर लोकल गृहस्थ व्हिलाच्या नकाशाची प्रिंट गुंडाळून घेऊन आले. तावातावाने बोलत होते. मालकाने त्यांना शांत करायला तिलाच बोलावलं, कारण नकाशा तिचा होता. म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की मजलिसमध्ये पाहुणे बसले आणि दार उघडलं, की स्वयंपाकघरातून येणाऱ्याजाणाऱ्या बायका समोर दिसणार. कुठल्या घरात असतं असं?

तिने प्रिंट टेबलावर पसरली आणि बघतच राहिली. मग खोलीच्या नावावर बोट ठेवलं. मी फोनपाशी होते, तिथून वाकून पाहिलं. आडव्या रेघेला वर वळलेली शेपटी होती. माझ्या हळदीच्या डब्यावरची.

ती म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, चूक माझी आहे काका, मी बदलून देते. एवढं अरबी मला कळत होतं. ते शांत झाले, तिला दुवा देऊन गेले. मग ती माझ्या नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"उस्ताद, मेरा वाला किधर है?"

तो म्हणाला, "फाड दिया."

"सब?"

त्याने मान हलवली.

"फाडने से पहले देखा था?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण मला त्या दिवशी नकोसा झाला. "नहीं," तो म्हणाला.

तिने नकाशात मजलिसच्या बाहेरच्या भिंतीवर बोट टेकवलं. "मैंने दरवाज़ा इधर दिया था. हमारे घर में इधर होता है." आवाज चढला नाही. जागेवर बसून तिने ती दुरुस्ती काढली, पेनं धुऊन पुसून डबीत ठेवली आणि एक वाजता भावाच्या गाडीत बसून गेली.

त्या दिवशी घरी मी जेवण वाढलं नाही. आधी भांडले. "रोज संध्याकाळी तिचं सगळं पुन्हा काढत होतास? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

"मग तिला तरी सांगायचं. ती रोज विचारत होती!"

"अगं, लोकल मुलगी. चूक दाखवली, तिला राग आला, घरी जाऊन बोलली तर? कुणाचा मामा कुठल्या खात्यात असेल, आपल्याला काय माहीत? आपण व्हिसावर आहोत. म्हटलं, आपणच करून टाकावं. तिची नोकरी राहील, आपलीही राहील."

"निदान बघायचंस तरी!"

"दुसऱ्याचं तपासत बसण्यापेक्षा स्वतःचं काढणं लवकर होतं," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

आमची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देणारी. "बाबा, व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हर?"

ईद झाल्यावर मालकाने कायम केल्याचं सांगायला तिच्या घरी फोन केला. ती आता येणार नाही, तिचीच इच्छा नाही, असं वडिलांनी सांगितलं. मालकाने खांदे उडवले. "खलास. लोकल लोग टिकते नहीं." त्या 'टिकते नहीं'ची चीड मला आजही येते. टिकायला आधी पाय ठेवू द्यावा लागतो. नवराही त्यानंतर बदलला. कुणाचाही नकाशा पूर्ण पाहिल्याशिवाय बाजूला ठेवेना. फार उशिरा.

ती मला पुन्हा भेटली तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. शारजातल्याच सुपरमार्केटमध्ये, ट्रॉलीत एक मूल आणि हाताला एक. तिनेच हाक मारली, "सिस्टर!" मी विचारलं, कुठे काम करतेस? नंतर वडिलांना कसंबसं मनवून ती एकदोन ठिकाणी मुलाखतीला गेली होती. "सब एक्सपीरियन्स पूछते हैं," ती म्हणाली. "क्या लिखूँ?"

मग तीच म्हणाली, त्या म्हाताऱ्यांचं घर बांधून झालंय. मुलांना शाळेत सोडायला ती मुद्दाम त्या रस्त्याने गाडी घेते. मजलिसचं दार तिने दिलं होतं तिथेच आहे, बाहेरूनही दिसतं. "वो एक मेरा है."

"हो गं, तुझंच आहे," मी मराठीतच बोलून गेले. तिला कळलं.

निघताना ती थांबली. "सिस्टर, बाकी में भी कुछ ठीक होगा ना?"

मी म्हटलं, हो, पुष्कळ होतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, उस्तादांना सलाम सांगायला सांगितलं आणि ट्रॉली ढकलत निघून गेली. मी तसं म्हणाले खरी, पण ते नकाशे तिच्याखेरीज कुणी पाहिलेच नव्हते.